मुका फोन

सुताराने फोनवर बसणाऱ्याकडे असायची ती कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि विचारलं, "म्हणजे उद्यापासून फोनवर बसायचं नाही?"

तूर्त नाही, असं घड्याळबाई म्हणाल्या.

आपली भाषा बोलणारी माणसं जगभर पांगलेली, म्हणून सोबती संघाच्या कचेऱ्याही पांगलेल्या. पाच देशांतल्या पाच कचेऱ्या बाई चालवायच्या. त्यांच्या समोरच्या भिंतीवर पाच घड्याळं होती, त्यावरून हे नाव पडलं. संघ दारू सोडलेल्यांचा; सुतारही त्यातलाच, आणि फोनवर हीच माणसं पाळीपाळीने बसायची. पगारी माणूस बाई एकट्याच, आणि आयुष्यात थेंबही न चाखलेल्या त्याच. एका देशात दिवे मालवले की फोन दुसऱ्या देशात वाजायचा. नंबर दिसत नसे आणि नाव विचारायचं नाही असा नियम होता. उचलणाऱ्याने म्हणायचं वाक्य बाईंनीच ठरवून दिलं होतं: "सोबती संघ. सावकाश सांगा, सगळं सांगा." जुने सभासद हसायचे. एवढे 'स' प्यालेल्या जिभेला झेपत नाहीत, बाईंनी फोनवर पहारेकरीच बसवलाय म्हणायचे. बाईंच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. पण आयतं श्रेय मिळत असेल तर सोडतो कोण?

भानगड मुक्या फोनांची होती. सुताराच्या पाळीत रोज एक फोन यायचा. तो वाक्य म्हणायचा, पलीकडे कुणी बोलायचं नाही, फोन बंद व्हायचा. "आला का रे तुझा मुका?" असं बाकीचे त्याला चिडवायचे, आणि तोही हसण्यावारी न्यायचा. बाईंना हसू येत नव्हतं. दुसऱ्या एका कचेरीत असाच एकजण होता. जुना पिणारा मित्र त्याला मुका फोन करायचा. फोन आला की गुत्त्यावर यायचं अशी त्यांची खूण. तो गडी पुन्हा प्यायला लागला, जाताना आणखी दोघांना घेऊन गेला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाईंनी सुताराची दुपारची पाळी सकाळी केली. दोन दिवस सगळ्यांनाच मुके फोन आले. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा त्याला एकट्यालाच. म्हणजे पाळी कुणाला तरी कळली होती, आणि ती त्यानेच कळवली असणार. बाईंचा हिशेब सरळ होता.

सुताराने शपथा घेतल्या नाहीत. आपल्याला खरंच माहीत नाही, एवढंच तो म्हणाला. मग म्हणाला, "माझी दुपार वाईट असते, बाई. म्हणून मी दुपार मागून घेतली होती. सकाळ दिलीत, तीही चालवून घेतली. पण आता काहीच नाही म्हटल्यावर अवघड आहे."

बाईंना ते ठाऊक होतं. फोनवरून उठवलेली माणसं पुढे कुठे जाऊन बसतात, हे त्यांनी पाहिलं होतं. तरीही त्यांनी किल्लीला हात लावला नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं. पण एका माणसापायी कचेरी पणाला लावायची नसते. सुताराने मान हलवली. आतल्या खोलीतल्या खुर्चीचा पाय डगमगतोय, तेवढा बसवून जातो म्हणाला. थोड्या वेळाने आतून हातोडीचा आवाज यायला लागला.

फोनवर बाई स्वतः बसल्या. फोन वाजला. त्यांनी वाक्य म्हटलं, एकेक 'स' ठसठशीत. पलीकडून काहीच नाही. फोन बंद झाला. पुन्हा वाजला, पुन्हा तसाच. तिसऱ्या वेळी पलीकडे कुणीतरी श्वास घेतला.

"तो गेला का हो?" आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. "त्याचं पुन्हा सुरू झालं का?"

फोनवर कोण बसतं ते आम्ही सांगत नाही, असं नियमातलं उत्तर बाईंनी दिलं. बरोबर आहे, सांगू नका, असं ती म्हणाली. मग जरा भीत भीत ती बोलत गेली. दोन वर्षांपूर्वी तिने नवऱ्यासाठी फोन केला होता. त्याचं पिणं कसं सोडवायचं ते विचारायचं होतं. फोन उचलला तो तिच्या मुलाने. घर सोडून कुठल्या देशी गेला तेही तिला माहीत नव्हतं. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हापासून ती रोज फोन करायची. प्यायला की त्याचा 'स' घसरायचा, लहान मुलासारखा 'श' व्हायचा. 'स' नीट ऐकला की तिचा दिवस जायचा. मध्ये त्याची वेळ बदलली, तेव्हा दोन दिवस वेळी-अवेळी फोन लावत बसली.

बाईंना स्वतःच्या सरळ हिशेबाची लाज वाटली. तो इथेच आहे, अगदी नीट आहे, बोलवते, तुम्ही बोला त्याच्याशी, असं त्या नियम मोडून म्हणाल्या.

"नको, बाई. नुसतं ऐकवा. मी बोलले की तो धावत घरी येईल. आणि घरी ह्यांची बाटली अजून टेबलावरच असते."

बाईंनी सुताराला हाक मारली. हातोडी घेऊनच तो बाहेर आला. बाईंनी फोन त्याच्यापुढे धरला आणि नेहमीचं वाक्य म्हणायला सांगितलं. त्याला काही कळलं नाही, पण त्याने म्हटलं.

"सोबती संघ. सावकाश सांगा, सगळं सांगा."

तो थांबला. पलीकडे फोन बंद झाला. तो ओशाळला.

"बघा, बाई, मुकाच होता. मी काही केलं नाही."

बाईंनी कपाटाची किल्ली उचलून त्याच्या हातात ठेवली.

"उद्यापासून दुपारी या," त्या म्हणाल्या. "आणि मुका आला, तर वाक्य दोनदा म्हणत जा."