उजव्या हाताचं इंजिन

मोटारीची इंजिनं बसवलेल्या होड्यांची शर्यत अमरावतीच्या तलावावर दर दसऱ्याला होई. अमरावतीचा जानराव आणि अकोल्याचा कमलाकांत एकमेकांना अगदी पाण्यात पाहत.

अठ्ठावन्न साली पावसाळ्यात कमलाकांत तापाने गेला. अकोल्याची मंडळी दसऱ्याला आली, पण होडी न आणताच. मानाची फेरी म्हणून जानराव एकटाच निघाला.

तलावाच्या मध्यावर त्याला उजवीकडे दुसरं इंजिन ऐकू आलं. ठसका लागल्यासारखं मधेच अडखळणारं. तो आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. तिकडे होडी नव्हती. नुसतं पाणी दुभंगत चाललं होतं.

भीती वाटण्याआधी जानरावाला भरून आलं. त्याने वेग कमी केला, तसा तो आवाजही मंदावला.

"काहून थांबून राहिला, बावा?" जानराव म्हणाला. "मले मागं टाकायचं होतं ना तुले? जाय पुढं."

आवाज चढला आणि काठाकडे निघून गेला.

जानराव अजून लांबच होता, तोच पंचाने शर्यत संपल्याचं निशाण खाली केलं. काठावर कमलाकांतची बहीण चारुशीला ओणवी झाली आणि तिने पाण्याकडे हात पुढे केला. तो हात कुणाच्या तरी भाराने खाली ताणला गेला.