टेपचा झुला

टेपचं पाचवं रीळ संपलं तेव्हा कात्रीची पाती गोंदानं एकमेकांना चिकटली. सुरभीनं ती ओढून उघडली, खोबरेल तेलाच्या बोळ्यानं पुसली आणि सहावं रीळ हातात घेतलं. कात्री ब्लाउज शिवण्याच्या कामाची होती. एरवी तिनं कुणाला त्या कात्रीनं साधा कागदही कापू दिला नसता.

अंगणात सतरंजीवर चंदेरी पट्ट्या पसरल्या होत्या. एका पट्टीवर दुसरी, चिकट बाजू आत. असे लांब पट्टे तिनं शेजारी शेजारी मांडले होते आणि आता त्यांच्यातून आडवे पट्टे एकाखालून, दुसऱ्यावरून ओवत होती.

"घरात दोन बाजा हायेत," शकुबाई ओट्यावरून म्हणाली. "मंग हे कायले करून राह्यली वं?"

"पाह्यचं हाये मले," सुरभी सासूला म्हणाली. "त्यायले यात एवढं काय गोड लागते ते."

त्यायले म्हणजे संघदीपला. तिचा नवरा चार वर्षांपासून मस्कतला होता. मोठ्या इमारतींमध्ये एसीची हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट तो बसवायचा आणि त्यांचे सांधे याच टेपनं बंद करायचा. मागच्या सुटीत त्यानं ठेकेदाराला विचारून उरलेली रिळं बॅगेत भरून आणली होती. त्या टेपनं मारेगावच्या या घरातला कूलरचा पाइप सांधला गेला, फुटकी बादली सांधली गेली, शकुबाईच्या चष्म्याची काडीसुद्धा.

पहिल्या वर्षी तो रोज तासभर बोलायचा. मग अर्धा तास. आता दहा मिनिटं, आणि त्यातली पाच झुल्याची. तिथल्या खोलीतल्या दोन लोखंडी खांबांना त्यानं टेपचा झुला बांधला होता, स्वतः विणून. कंपनीनं दिलेल्या पलंगावर त्याच्या बॅगा पडल्या होत्या. पट्ट्या कशा जोडल्या, टोकं बांबूवर कशी गुंडाळली, दोरी कुठून घेतली, हे तो पुन्हा पुन्हा सांगायचा. "लय मस्त झोप येते यात," म्हणायचा. सुरभी फोन कानाला लावून ऐकायची. अंगणातला कडुनिंब यंदा लवकर झडला, हे तिला सांगायचं असायचं. सणावाराला अजूनही हातून त्याचं ताट वाढलं जातं, तेही. मग फोन संपायचा.

आठ दिवसांपूर्वी त्यानं विचारलं होतं, "कंपनी अजून दोन वर्सांसाठी ठेवतो म्हणते. काय करू?"

ती थांबली. माझं मन लागत नाही, एवढं तो म्हणेल म्हणून थांबली. तो काही म्हणाला नाही.

"तुमची मर्जी," ती म्हणाली.

"मंग करतो सही."

उद्या तो सही करणार होता. आठ दिवस सुरभीच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ज्या माणसानं परक्या खोलीत स्वतःसाठी झुला विणला, त्याला तिथं कशाची उणीव असणार?

दुपारी तिनं दोन्ही टोकांना बांबू गुंडाळले, दोर बांधले आणि झुला कडुनिंबाला आणि शेडच्या खांबाला टांगला. आधी ती नुसती बसली. टेप करकरला, पण तुटला नाही. मग पाय वर घेऊन ती आडवी झाली. तिच्या वजनानं झुला खाली खचला आणि त्याच्या दोन्ही कडा वर आल्या. खांदे आत दाबले गेले. तिनं कूस पालटून पाहिली, जमेना. एवढ्यासाठी कात्री खराब केली, असं तिला वाटलं आणि ती उठायला लागली, तेवढ्यात फोन वाजला. शुक्रवार होता. संघदीपला सुटी होती.

"काय करून राह्यली?" त्यानं विचारलं.

"तुमच्यासारखा झुला केला. त्यातच पडून हावो."

"खरंच? कसा झाला?"

"कसा काय. दोन्ही बाजूनं आवळते हा. कूस पालटता येत नाही. कंपनीनं पलंग देल्ला, गादी देल्ली, अन् तुमी यात काहून झोपता?"

तिकडे खोलीतला दुसरा कुणीतरी टीव्ही पाहत होता, त्याचा आवाज येत होता.

"पलंगावर कूस पालटता येते, म्हणूनच," संघदीप म्हणाला. "झोपेत हात टाकला का बाजूले कोणी नसते. मंग जाग येते, अन् पुन्हा झोप लागत नाही. हा आवळते. डोये मिटले का वाटते..."

सुरभी उठणार होती, ती उठली नाही. तिनं खांदे सैल सोडले. टेपची कड दंडाला तशीच लागून होती. तिनं डोळे मिटले.

"मले हे आधी काहून नाही सांगितलं?" तिनं विचारलं.

"तू म्हणाली, तुमची मर्जी. मले वाटलं, तुले आता माह्याबिगर सवय झाली."

"नाही झाली," सुरभी म्हणाली. "सही नका करू."