शिबिरातलं एक अक्षर

वैजयंतीची नजर आता परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी अभिराम तिथेच भडकला.

"दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत डोळ्यांचं शिबीर झालं होतं. आईने तक्त्यावरची ओळ धडाधड वाचली. शुगरने पडदा खराब होतोय हे त्या तपासणाऱ्या मुलीला कळलं कसं नाही?"

त्याचे वडील, जयप्रकाश, वैजयंतीचे कागद पिशवीत भरू लागले.

शिबिरात आधी त्यांचा नंबर लागला होता. मागे वैजयंती उभी होती. त्यांनी ओळ मोठ्याने वाचली, त्यात 'घ'ला 'ध' म्हणाले. मुलीने भिंग लावून दिल्यावर चूक त्यांची त्यांना दिसली, पण त्यांनी ती मोठ्याने सुधारली नाही. मग वैजयंती त्यांचा हात धरून खुर्चीवर बसली आणि तीच ओळ न अडखळता म्हणून मोकळी झाली.

"काकू, डोळे तर एकदम पोरींसारखे हां!" शेजारणी म्हणाल्या.

"मग! आमच्याकडे चष्मा फक्त ह्यांना," ती म्हणाली, आणि जयप्रकाशही सगळ्यांबरोबर हसले.

अभिरामने त्या मुलीची तक्रार केली. सोसायटीने दरवर्षीचं शिबीर बंद केलं. वैजयंतीला जाऊनही आता सहा महिने झाले.



त्या दिवशी तिनेही 'घ'ला 'ध'च म्हटलं होतं आणि आपण ते तेव्हाच ऐकलं होतं, हे जयप्रकाशांनी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.