दुसरी चावी

"जुनी चावी द्या," चावीवाला सवयीने बोलून गेला आणि त्याने लगेच जीभ चावली.

समोर बसलेल्या बाबांच्या मुलाने सकाळीच त्याला फोनवर बजावलं होतं, जुनी मागायची नाही. या कामाची रीतच तशी. गाडीला नवी चावी शिकवायची, तर आधीच्या सगळ्या चाव्यांची ओळख पुसायची आणि समोर असतील तेवढ्याच पुन्हा शिकवायच्या. जी समोर नसेल, तिला गाडी कायमची विसरते. मुलाला नेमकं तेच हवं होतं.

पण बाबांच्या कानावर शब्द पडला होता. गॅरेजमधल्या स्टुलावरून उठून त्यांनी खिशातली चावी पुढे केली. अंगठा फिरून फिरून तिच्या बटणांवरची चित्रं पार पुसली गेली होती.

"घ्या. पण जपून हं! विकणाऱ्याने एवढी एकच दिली. दुसरी म्हणे त्याच्या बायकोने भांडणात नदीत भिरकावली. मी म्हटलं, नशीब तुझं, तुला नाही भिरकावलं."

"राहू द्या बाबा," मुलगा घाईघाईने म्हणाला. "तुमची तुमच्याकडेच असू दे."

बाबांचा चेहरा असा फुलला, की मुलाने नजर दुसरीकडे वळवली.

"बघितलंत?" ते चावीवाल्याला म्हणाले. "बापाच्या हातातली चावी काढून घेत नाही तो. असा मुलगा मिळायला पुण्य लागतं."

चावीवाला मान खाली घालून त्या बुटक्या लाल गाडीत शिरला आणि स्टिअरिंगखाली वायर जोडू लागला.

गेल्या आठवड्यात बाबांनी हीच गाडी भर चौकात उभी केली, दार सताड उघडं टाकलं आणि चालू लागले. मागच्या ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून निभावलं. देवानेच त्याच्या पायात बळ दिलं म्हणायचं. गाडी विकू या म्हटलं, तर बाबा दोन दिवस जेवले नव्हते. चावी लपवली, तर रडले होते. बापाला रडताना बघायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मग मुलाने ही युक्ती काढली. चावी हातात राहील, खिशात राहील, उशाशी राहील. फक्त गाडी ऐकणार नाही. बाबा चार दिवस चिडतील, मग विसरतील. त्यांच्या विसरण्यावरच त्याची सगळी भिस्त होती, आणि त्याचीच त्याला मनातून लाज वाटत होती.

काम झालं. चावीवाल्याने कोरी करकरीत चावी मुलाच्या हातावर ठेवली आणि मुलाने ती खांद्यावरच्या बॅगेत टाकली.

"आता तुझी स्वतःची झाली," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं तुला हिला हात लावू दिला नाही. राग नाही ना धरलास?"

"नाही हो बाबा."

"धरला असशील तर सोडून दे. मी जरा हट्टीच."

बाबांना बसवायच्या आधी जागा करावी, म्हणून मुलाने गाडीचं डावीकडचं दार उघडलं, सीट मागे सरकवली, बॅग तिथेच टेकवली आणि त्यांना हात द्यायला वळला. स्टूल रिकामं होतं.

बाबा पलीकडून येऊन स्टिअरिंगमागे आपल्या जागी बसलेही होते. रोजच्यासारखीच चावी त्यांच्या खिशात होती. ती कुठे घालायची नव्हती, की फिरवायची नव्हती. चावी गाडीत असली, की बटण दाबायचं, बस्स. मुलगा दारातच थांबला. दाबू दे. आज ना उद्या कळायचंच आहे.

बाबांनी बटण दाबलं. इंजिन गरजलं, आणि गॅरेजचे पत्रे थरथरले.

"बघ!" बाबा ओरडले. "पोरी, ओळखलंस ना मला!"

मुलाची नजर सीटवरच्या बॅगेकडे गेली. त्याने ती झडप घालून उचलली, छातीशी धरली आणि तो भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरला. इंजिन चालूच राहिलं.

"साहेब, लांब नेऊन उपयोग नाही," चावीवाला हळूच म्हणाला. "एकदा सुरू झाली, की चावी नसली तरी चालते. भर रस्त्यात बंद पडली तर माणूस जाईल ना."

मुलगा पुढे आला, दारातून वाकला. "बाबा, मी चालवतो. तुम्ही इकडे या."

बाबांनी ऐकलंच नाही. सकाळी शर्टाचं बटण लावताना थरथरणारी ती बोटं स्टिअरिंगवर अगदी स्थिर होती. पाठ ताठ झाली होती. कित्येक महिन्यांत मुलाने त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

तो शेजारी बसला. बंद करायला तेच बटण पुन्हा दाबायचं होतं, हाताच्या अंतरावर. त्याने मनात देवाचं नाव घेतलं आणि हात पुढे केला. बाबांनी तो मध्येच धरला, गिअरच्या दांड्यावर ठेवला आणि वरून आपला तळवा दाबला.

समोर रस्त्यावर गाड्यांची रांग तुटत नव्हती. बाबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मोठ्या उत्साहाने त्याच्याकडे वळले.

"चल, निघू या. आपलं घर कुठल्या बाजूला, तेवढं सांग."