पांढरी चूळ

"खा वहिनी. सगळ्यांदेखत."

सुट्टी होताच शेवंतीनं वहिनींच्या हातावर अख्खा काजूगर ठेवला. वहिनींचा कारखाना बुडाला होता. आजच त्या शेवंतीच्या कारखान्यात काजू सोलायला आल्या होत्या.

वीस वर्षांपूर्वी वहिनींच्या कारखान्यात घरी जाताना बायांना चूळ भरून दाखवावी लागे, काजू खाल्ला नाही हे दिसावं म्हणून. एकदा शेवंतीची चूळ पांढुरकी पडली. "भाकरीबरोबर खोबरं खाल्लं, वहिनी," ती सांगत राहिली. वहिनींनी "चोरटी!" म्हणून चारचौघींत हाकललं. तो अपमान तिनं गिळला नव्हता, वीस वर्षं तोंडात धरला होता.

वहिनींनी मान खाली घालून काजू चावला. शेवंतीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "आता चूळ भरा."

दुधासारखं दाट पाणी पायरीवर पडलं.

"बघितलंत? काजूचं असं दाट असतं. माझी चूळ नुसती पांढुरकी होती," शेवंती म्हणाली. "उद्या आठला या."