पोटरीवरची मगर

माझ्या पोटरीवरची खूण मगरीच्या दातांची आहे, हे नातीने शाळाभर सांगितलं होतं. व्याह्यांना पटेना. "आता दवाखान्यातल्या जुन्या नोंदीही कॉम्प्युटरवर आल्यात," म्हणत ते तपासणीला मुद्दाम सोबत आले. मगर खोटी निघाली तर मी नातीला तसं सांगायचं, असं ठरलं. नर्सबाईंनी माझी नोंद उघडली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. स्क्रीनवर स्वच्छ लिहिलं होतं: 'बदकाला घाबरून पळताना कुंपणाची तार लागली.' व्याही पुढे वाकले, तशी बाईंनी स्क्रीन फिरवली. "पेशंटची माहिती दुसऱ्याला दाखवता येत नाही, काका." "अहो, मी व्याही आहे यांचा. ती मगरीची खूण खरी का, तेवढंच बघायचंय." "मग तर नाहीच. बाहेर बसा." दार लागल्यावर बाईंनी रक्तदाबाचा पट्टा बांधत विचारलं, "आजोबा, मगर केवढी होती?" उपकार फेडायला माझ्याजवळ दुसरं होतंच काय? मी मगर चार हातांनी वाढवली.