जांभळा रबर

प्रणिताच्या बास गिटारवरचा जांभळा रबर नितेशनं सोडवला आणि पँटच्या खिशात कोंबला. मांडवात कोणाचं लक्ष नव्हतं. केरूनानाची बेंजो पार्टी चहा पीत होती, बायका हळदीची ताटं लावत होत्या आणि प्रणिता पाणी प्यायला घरात गेली होती.

अकरा वर्षं नानाच्या मागं उभं राहून बास वाजवली ती नितेशनं. पेणपासून रोह्यापर्यंतच्या हळदी त्याला पाठ. आणि ही कालची पोर, रोह्याहून येते, दोन महिने झाले नाय तर चहाचा पहिला कप हिला. नाना नितेशला ‘ए नित्या’ म्हणतो आणि हिला ‘बाय’. जळला तर काय चुकलं त्याचं?

चूक झाली होती ती माघातल्या एका हळदीत. धवलारीण लग्नाचं गाणं, म्हणजे धवला, गायला तोंड उघडते तेव्हा वाजवणाऱ्यांनी जागच्या जागी गप्प व्हायचं, ही आपल्याकडची रीत. सगळे गप्प झाले. नितेशनंही झटकन बोटं उचलली, पण जाडी तार आपली घुमतच राहिली. इंदुबाई धवलारणीनं पदर सावरून त्याच्याकडे बघितलं.

“बाबा, आधी तुझी म्हस बांध. मंग मी गाईन.”

अख्खा मांडव हसला. तेव्हापासून गावोगाव नितेशच्या बासला म्हस हेच नाव पडलं, आणि नानानं प्रणिताला शोधून आणलं.

प्रणिताची तार धवल्याला हूं की चूं करत नसे. नितेश दोन महिने तिच्या हातांकडे टक लावून होता. हात काय, त्याच्यासारखेच चालायचे. वेगळा दिसला तो रबर. गिटारच्या मानेला, पार वर खुंट्यांपाशी, दोन वेढे घालून अडकवलेला. सराव असो नाय तर हळद, रबर तिथंच. हेच ते, नितेशनं ठरवून टाकलं. ही बया कोणाला सांगत नाय, म्हणजे हेच.

आणि आज कासू गावच्या हळदीत नानानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “पहिला धवला नितेशचा, दुसरा प्रणिताचा. ज्याची तार गप बसंल त्यानं यंदाच्या हळदी वाजवायच्या. दुसऱ्यानं घरी बसावं. गाडीत दोघांना जागा नाय.”

जनरेटरच्या आडोशाला जाऊन नितेशनं रबर आपल्या गिटारला चढवला. बरोब्बर तिच्यासारखा, खुंट्यांपाशी, दोन वेढे. वरून नॅपकिन टाकला. एकदा वाजवून बघावं, हे काही त्याला सुचलं नाही.

तो आला तेव्हा प्रणिता आपल्या गिटारखाली, खुर्चीखाली वाकून बघत होती.

“काय हरवलं गो?”

“काय नाय दादा. असंल इथंच.” तिनं तोंडावर आलेले मोकळे केस कानामागं सारले.

घाबरली, नितेशला वाटलं. आणि खोटं कशाला बोला, त्याला फार बरं वाटलं.

पार्टी वाजू लागली. नाना पुढं, मांडवाकडे तोंड करून, नितेश मागं आणि त्याच्या बाजूला प्रणिता आपल्या पाळीची वाट बघत. तीन गाणी झकास झाली. मग नवऱ्याला पाटावर बसवलं. समोर बसलेल्या इंदुबाईनं पान बाजूला ठेवलं आणि तोंड उघडलं.

नानाचा हात थांबला. ढोलकी थांबली. नितेशनं झटकन बोटं उचलली आणि म्हस हंबरली.

इंदुबाईचं तोंड उघडंच राहिलं. तेवढ्यात बाजूनं एक हात आला आणि तळवा चारही तारांवर आडवा पडला. दाबला नाही, नुसता ठेवला. घुमणं बंद.

इंदुबाई गाऊ लागली. धवला चालू असताना कोणी हलत नाही, म्हणून ती दोघं तशीच उभी. नॅपकिन केव्हाच खाली पडला होता. प्रणिता रबराकडे बघत होती आणि नितेश आपल्या चपलांकडे. एवढा लांब धवला इंदुबाईनं आयुष्यात गायला नसेल, असं त्याला वाटलं.

धवला संपला, प्रणितानं हात काढला आणि मग नाना मागं वळला. चेहरा खुललेला.

“नित्या, बांधलीस की रं म्हस! आता दुसरं काय बघायला नको. अकरा वर्षांचा जुना माणूस तो. बाय, तू काय वाईट वाटून घेऊ नको.”

प्रणितानं नितेशकडे बघितलं. नानाही बघत होता. नितेशनं एवढंच म्हणायचं होतं की नाना, हात तिचा होता.

“व्हय नाना,” नितेश म्हणाला.

नाना शाबासकी देऊन चहाकडे वळला. नितेशच्या गिटारवरून प्रणितानं रबर सोडवला, केस वर धरले आणि घट्ट बांधले.

“ट्रेनमध्ये वाऱ्यानं तोंडावर येतात,” ती म्हणाली. “वाजवताना लागत नाय, म्हणून तिथं अडकवते.”

मग गिटार पिशवीत घालून ती कासू स्टेशनच्या रस्त्याला लागली. रोह्याच्या गाडीला वेळ होता, तरी थांबली नाही.

नितेशनं आपला तळवा तारांवर आडवा ठेवला. तिनं ठेवला होता तसाच. समोर इंदुबाई पानाला चुना लावत होती. तिनं मान वर केली नाही.

“दुसऱ्या धवल्याला कोणाचा हात आणशील रं?”